आमच्यासारखंच होईल ना?

मागच्या महिन्यात मुलुंडच्या भाजी मार्केटात एक बाई मला समोरून येताना दिसल्या. त्यांनीही मला पाहिलं. लगेच वळल्या आणि कोथिंबिरीच्या ढिगात काहीतरी हरवल्यासारखं शोधू लागल्या. मी पुढे निघून गेले. राग वगैरे आला नाही. अकरा वर्षांपूर्वी त्या माझ्यासमोर बसून दीड तास रडल्या होत्या आणि त्यांच्या नवऱ्यालाही ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक आहे. अशा माणसाशी त्या टोमॅटोच्या भावावर काय बोलणार?

मी उपनगरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात तीस वर्षं नोकरी केली. आधी मेडिकल सोशल वर्कर होते. मग तिथे आनुवंशिक आजारांची ओपीडी सुरू झाली आणि मला तिची समुपदेशक केलं. समुपदेशक म्हटलं की लोकांना वाटायचं मी नवराबायकोची भांडणं मिटवते. आमच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींनी तर नवऱ्याला माझ्याकडे पाठवायची तयारीही केली होती. माझं काम वेगळं होतं. घरात एखादा आजार पिढ्यानपिढ्या येतो, तर तो कुठून आला, पुढे कोणाला होऊ शकतो, हे कागदावर मांडायचं आणि समोरच्याला समजेल असं सांगायचं.

त्यासाठी आधी वंशावळ काढावी लागते. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. आजार असेल तर आकृती पूर्ण काळी करायची, स्वतःला आजार नाही पण पुढे देऊ शकतो अशा वाहकाची अर्धी काळी. माणूस गेलेला असेल तर तिरकी रेघ. नात्यात लग्न असेल तर जोडणारी रेघ दुहेरी. हे काढताना असं सगळं विचारावं लागतं जे कोणी कोणाला विचारत नाही. किती गर्भपात झाले? लहानपणी गेलेलं एखादं भावंड होतं का? मुलगा नक्की याच लग्नातला का?

घाटकोपरचे एक गृहस्थ चौदा पिढ्यांची छापील वंशावळ घेऊन आले होते. कापडावर चिकटवलेली, नकाशासारखी. मी पाहिलं तर सगळे पुरुष.

"बायका कुठायत यात?" मी विचारलं.

"त्या बाहेरून आल्या ना," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काका, अर्धं सामान त्यांनीच आणलंय." त्यांना ते आवडलं नाही. पण पुढच्या खेपेला तीन पिढ्यांच्या बायकांची नावं लिहून आणली आणि त्यातच आम्हाला हवं होतं ते सापडलं.

सगळ्यात कठीण गोष्ट समजावायची ती म्हणजे चारातला एक. आईवडील दोघंही एकाच दोषाचे वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारातली एक. लोकांना वाटतं हा कोटा आहे. "मॅडम, एक झालं ना असं, मग आता पुढची तीन चांगली," असं म्हणत हसऱ्या चेहऱ्याने उठलेलं एक जोडपं मला अजून आठवतं. मी त्यांना दारातून परत बोलावलं. प्रत्येक वेळी डाव नव्याने मांडला जातो, आधी काय झालं ते त्याला आठवत नाही, हे सांगितलं. ते हसू पुसायचं काम माझं होतं. त्याचाच पगार होता.

हे सगळं मला पुस्तकाआधी घरातून कळलं. आम्ही मूळचे चंद्रपूरकडचे. वडील कुर्ल्याला रेल्वेच्या कारशेडमध्ये फिटर होते. माझा धाकटा भाऊ मिलिंद एकोणिसाव्या वर्षी सिकलसेल या रक्ताच्या आजाराने गेला. तोवर त्याच्या हाडांच्या दुखण्याला सगळे संधिवातच समजत होते. नोकरी लागल्यावर मी माझं रक्त तपासून घेतलं. मी वाहक निघाले. पुढे ठाण्याचं एक स्थळ आलं, मुलगा बँकेत होता. मी त्याला कागदावर चौकोन आणि गोल काढून समजावलं. म्हटलं, तूही तपासून घे, तू वाहक नसलास तर मुलांना काहीच भीती नाही. मुलाला समजलं. त्याच्या घरच्यांना 'वाहक' हा एक शब्द पुरला. दुसऱ्या स्थळाच्या वेळी मैत्रीण म्हणाली, "सांगू नकोस गं, कशाला मरायला?" मी सांगितलंच. तिसरं आलं नाही असं नाही, पण तोवर मला समजावण्याचा कंटाळा आला होता.

आता परबांची गोष्ट सांगते. नावं बदलली आहेत आणि घरच्यांना विचारून लिहिते आहे.

पंधरा-सोळा वर्षं झाली. चारकोपहून एक साठीच्या बाई आल्या, सोबत मुलगा आणि त्याने पसंत केलेली मुलगी. मुलगा मंगेश जन्मापासून कर्णबधिर. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये खोके छापायच्या कारखान्यात कामाला. मुलगी स्नेहल घाटकोपरची, तीही जन्मापासून कर्णबधिर, तिचा भाऊही तसाच. ती अंधेरीला कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसायची. दोघं कर्णबधिरांच्या क्रिकेट सामन्यात भेटले होते. लग्न ठरवून मोकळे झाले होते, पण परबकाकूंनी अट घातली होती, आधी डॉक्टरचा कागद.

"माका एकच सांगा," काकू बसायच्या आधीच म्हणाल्या. "नातवंडाक ऐकाक येतला की नाय?"

मी प्रश्न मंगेशकडे बघून विचारत होते, उत्तरं काकू देत होत्या. मी स्नेहलकडे बघितलं की म्हणायच्या, "तेंका काय इचारतास? माका इचारा." त्यांना खुणांची भाषा येत नव्हती आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हती. इतकी वर्षं असल्या घरांच्या वंशावळी काढत होते, आणि 'तुमचं नाव काय' एवढंही हातांनी विचारता येत नव्हतं. हॉस्पिटलात दुभाषाही नव्हता. मी पॅड पुढे केलं. मंगेशने जुजबी उत्तरं लिहिली. आईवडिलांचं नात्यात लग्न, आई म्हणजे वडिलांच्या मामाची मुलगी. वडील गिरणीत होते, आता हयात नाहीत. स्नेहलने सगळ्यात शेवटी पेन घेतलं आणि एकच ओळ लिहिली.

"आमचं मूल आमच्यासारखंच होईल ना?"

मी ती ओळ वाचली, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि रक्ताचे नमुने पाठवले.

तेव्हा असे निकाल यायला महिने लागायचे. आला तेव्हा मी मनापासून खूश झाले, कारण चांगली बातमी द्यायची संधी आमच्या खोलीत क्वचितच यायची. ऐकू येण्यासाठी शरीरात कितीतरी जनुकं धड चालावी लागतात. त्यातलं एक जरी पूर्ण बंद पडलं तरी कान बहिरा होतो. मंगेशचं एक बिघडलेलं होतं, स्नेहलचं वेगळंच. बहिरेपण दिसायला सारखं, पण कारणं दोन.

काकूंना मी दाराचं उदाहरण दिलं. "घराला दोन दारं असतात ना, लाकडी आणि बाहेरची सेफ्टी डोअर? घरात जायला दोन्हीच्या चाव्या लागतात. मंगेशकडे लाकडी दाराची आहे, सेफ्टी डोअरची नाही. स्नेहलकडे सेफ्टी डोअरची आहे, लाकडीची नाही. दोघंही बाहेर उभे. पण मुलाला एक चावी बापाकडून मिळणार, एक आईकडून."

काकूंनी बोटांवर मोजलं. "म्हणजे पोराकडे दोनीव?"

"दोन्ही. प्रत्येक मुलाकडे. सगळी ऐकणारी होतील."

त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मी स्नेहलच्या त्या ओळीखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, "नाही. काळजी नको. मूल ऐकणारं होईल." तिने वाचलं. मग कागदाची घडी घातली, त्या घडीची आणखी घडी, अशी ती अगदी बोटभर होईपर्यंत. मला वाटलं, पोरगी लाजते आहे.

लग्न झालं. दोघांनी बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीजवळच्या एका चाळीत खोली घेतली, कारण तिथे आणखी दोन कर्णबधिर कुटुंबं राहत होती. वर्षभरात मुलगी झाली. जन्मानंतरच्या तपासणीत कान उत्तम. आजीने नाव ठेवलं श्रुती. खरं नाव वेगळं आहे, पण अर्थ हाच. तीन महिन्यांची घेऊन ते मला दाखवायला आले. मी टाळी वाजवली तशी बाळ दचकलं, आणि काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

तेव्हा मी एक वाक्य बोलले. कोणी विचारलं नव्हतं. "काकू, मुलीच्या कानावर भरपूर बोलणं पडलं पाहिजे हं. नाहीतर बोलायला उशीर होईल. ते काम आता तुमचं." बोलले आणि वाक्य छान जमलं म्हणून स्वतःवरच खूश झाले. केस बंद करून फाईल कपाटात ठेवली.

दीड वर्षाने स्नेहल एकटीच ओपीडीत आली. नंबर लावला नव्हता. बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसून होती, कारण नाव पुकारलेलं तिला कळणार नव्हतं आणि कोणी हात लावून सांगितलं नाही. जेवायला निघाले तेव्हा मला दिसली. आत आल्यावर तिने पर्समधून घरून लिहून आणलेला कागद काढला. तिचं मराठी तुटक होतं. खुणांच्या भाषेत वाढलेल्या माणसाला मराठी दुसऱ्याच्या घरासारखं असतं. पण त्या कागदात न समजण्यासारखं काही नव्हतं.

लिहिलं होतं, मी कामावर जाते. श्रुती आजीकडे. आधी रोज आणत होतो. आजी म्हणाली प्रवासात आजारी पडते. आता रविवार फक्त. श्रुती बोलते. खूप बोलते. मला दिसतं. कळत नाही. मी हाताने बोलते तर आजी हात खाली करते. डॉक्टरमॅडमने सांगितलं, बोलणं पाहिजे. श्रुती मला पाहुणी समजते. मी गेले तर आजीच्या मागे लपते.

आणि खाली, वेगळ्या शाईत: लहानपणी घरी आईबाबा बोलत, हसत. मी विचारलं काय, तर काही नाही. भाऊ आणि मी दोघांचं घर वेगळं होतं. म्हणून मी विचारलं होतं, आमच्यासारखं होईल ना. ऐकणारं मूल दुसऱ्यांचं होऊन जातं.

मी ते दोनदा वाचलं. तिची पहिली ओळ मी भीती म्हणून वाचली होती. ती आशा होती. मराठी वाक्य एकच, आणि मी मला हवं तसं वाचलं. जन्मभर दुसऱ्यांचे आजार समजावून सांगणाऱ्या बाईला समोरच्या मुलीला काय हवंय, हे विचारावंसंही वाटलं नव्हतं.

मी तिला "माझं चुकलं" असं लिहून दिलं. तिने मान हलवली. त्याचा तिला काही उपयोग नव्हता. मग मी काकूंना फोन केला. म्हटलं, मी बोलले ते तसं नव्हतं, मुलीला दोन्ही भाषा येतील, रोज आईजवळ राहू दे. काकू म्हणाल्या, "बरा, बरा," आणि फोन ठेवला. मी स्नेहलला लिहिलं, 'सांगितलंय.' ती गेली.

नंतरच्या एका मंगळवारी सकाळी काकूंचाच फोन आला.

"मॅडम, सुनेन चेडवाक न्हेल्यान, श्रुतीक. रविवारी न्हेल्यान ती अजून परत आणूक नाय."

"स्वतःच्या घरीच नेलंय ना, काकू?"

"पण माका कळाचा कसा? जेवता की नाय, रडता की नाय? फोन करू तर कोणाक करू? दोगांकय ऐकाक येना नाय. माका मेसेज लिवक येना नाय. तुमी चला. तुमी लिवन सांगा तिका."

पेशंटच्या घरी जायचं नाही, हा आमचा नियम. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बोरीवली स्टेशनाबाहेर काकू उभ्या होत्या, हातात दुधाची पिशवी आणि श्रुतीचं पांघरूण. रिक्षात पांघरूण मांडीवर घट्ट धरून बसल्या.

खोलीच्या दारावर बेलचं बटण होतं. दाबलं तर आत दिवा लुकलुकला. स्नेहलने दार उघडलं. डोळे खोल गेलेले. मंगेश कामावर गेला होता. तिने नोकरी सोडली होती हे मला मागाहून कळलं. झोपेत मूल रडलेलं कळावं म्हणून तिने ओढणीचं एक टोक श्रुतीच्या कमरेला आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला बांधलं होतं. मनगटावर लाल वळ दिसत होता.

श्रुती कोपऱ्यात बसली होती. "आजी!" म्हणत धावत आली आणि काकूंच्या कमरेला चिकटली. आवाज घोगरा झालेला. दोन दिवस रडली होती.

"बगलात?" काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या. "आवाज बसलो चेडवाचो. ह्या आईन केल्यान."

स्नेहल भिंतीला टेकून उभी होती. तिला शब्द ऐकू येत नव्हते, पण त्या खोलीत कोण जिंकलं ते दिसत होतं. मी पॅड काढलं.

तेवढ्यात काकूंच्या खांद्यावरून श्रुतीने मान वळवली, स्नेहलकडे पाहिलं आणि एक बोट नाकाच्या बाजूला लावलं. मग मूठ तोंडाशी नेली. स्नेहल चटकन पुढे झाली, माठातलं पाणी पेल्यात ओतून तिच्या ओठांना लावलं. श्रुती घटाघट प्याली.

"ह्या काय करता?" काकूंनी मला विचारलं. "नाकाक बोट कशाक लावता?"

मलाही माहीत नव्हतं. मी पॅडवर लिहून स्नेहलला विचारलं. तिने एकच शब्द लिहिला. मी तो मोठ्याने वाचला.

"आई."

नाकाची बाजू, चमकी घालतात ती जागा. खुणांच्या भाषेत तिथे बोट लावलं की बाई, आई. आई आणि पाणी, दोन दिवसांच्या रडारडीत स्नेहलने एवढंच शिकवलं होतं.

काकूंनी श्रुतीला खाली ठेवलं आणि उंबऱ्यावर बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंगेश तीन वर्षांचो असताना असाच करी. कोणी शिकवक नाय, आपणच. नाकाक बोट लावन माका बोलवी. शाळेतल्या बाईन सांगल्यान, हातवारे करूक देव नको, नायतर तो कधीच बोलाचो नाय. मी पट्टीन हातार मारलंय. रोज मारलंय. बोलूक तर तो शिकलोच नाय. आणि नाकाक बोट लावचाय बंद झाला."

मी पॅड खाली ठेवलं.

"तीस वर्षा माका घरात कोणी हाक मारूक नाय, मॅडम. ह्या चेडू आजी म्हणाक लागला..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग मान वर केली. "तेव्हा त्या बाईचा ऐकलंय. मगे तुमचा ऐकलंय. तुमी शिकलेली माणसा सांगतास आणि जातास."

नोकरीत मला बरंच ऐकावं लागलं. शिव्याही खाल्ल्या. पण एवढं खरं कोणी बोललं नव्हतं.

"ह्या तिका लिवन द्या," काकू म्हणाल्या. "मी सांगलंय तसाच. पट्टीचा पण."

मी लिहिलं. एक अक्षर सुधारलं नाही, गोड केलं नाही. स्नेहलने उभ्या उभ्या वाचलं. कागद घडी न घालता फळीवर ठेवला, त्यावर वाटी ठेवली, मंगेशला दाखवायला असावा. मग स्टोव्ह पेटवून चहा टाकला. तीन कप केला.

चहा झाल्यावर काकू उठल्या. पांघरूण आणि दुधाची पिशवी तिथेच ठेवली. श्रुती मागे लागली, रडली, पण काकूंनी तिला नेलं नाही. बसस्टॉपपर्यंत मी सोबत गेले. बस आली, त्या चढल्या. मला 'येते' म्हणाल्या नाहीत.

मी मुलुंडला परत आले. दाराला लावलेलं कुलूप काढलं, चप्पल काढली आणि तशीच खुर्चीत बसले. एखाद्या दिवशी असं काही घडतं की कोणालातरी सांगायलाच हवं. पण आमच्या कामात घरी काही बोलायचं नसतं, आणि घरी कोणी नव्हतंच. म्हणजे मी नियम पाळला असं म्हणता येईल.

नंतर मंगेशचा मेसेज आला. 'आई रोज सकाळी बसने येते. स्नेहल परत कामावर. आई साइन शिकते. चुका खूप. आम्ही हसतो. आई पण.' मी उत्तर पाठवलं. मग काही आलं नाही. माझ्याकडे लोक अडचण असली तरच येतात, अडचण संपली की मी त्या अडचणीचीच आठवण होते. त्याचं मी काय करणार?

मी शनिवारी अंधेरीला खुणांच्या भाषेच्या वर्गाला जाऊ लागले. पन्नाशी जवळ आलेली, बोटं वळायची नाहीत, शिकवणारा कर्णबधिर मुलगा माझ्या चुकांवर पोट धरून हसायचा. फार आली नाही, पण 'तुम्हाला काय हवंय?' एवढं नीट विचारता येऊ लागलं. पुढे निवृत्त होईपर्यंत मी कुठलाही निकाल सांगण्याआधी हा प्रश्न विचारला, ऐकणाऱ्यांनाही. त्याआधी जी शेकडो माणसं माझ्यासमोर बसून गेली, त्यांना नक्की काय हवं होतं ते मला कधीच कळणार नाही. माझ्याकडे त्यांची चौकोन-गोलांची आकृती होती, चोख काढलेली.

तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निरोपाला एक शाल मिळाली आणि एक घड्याळ, ते पुढे पळतं. आता सकाळी फिरायला जाते, दुपारी वाचते, संध्याकाळी पुन्हा फिरायला जाते. जनुकांवर बोलायला कोणी नाही. बिल्डिंगमधल्या वहिनींना एकदा सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "ते राहू द्या, तुमच्या कामवालीचा नंबर द्या."

या पावसाळ्यात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलीचा आवाज, भरभर बोलणारा.

"हॅलो, मी श्रुती परब बोलतेय. आजीच्या डायरीत तुमचा नंबर होता. तुम्ही त्या जेनेटिक्सवाल्या मॅडम ना?"

ती नववीत होती. आजी मागच्या वर्षी गेली, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "आमच्या पुस्तकात आनुवंशिकतेचा धडा आहे. मी विचार केला, माझ्याकडे आईचा पण बिघडलेला एक आहे आणि पप्पांचा पण एक. बरोबर?"

"अगदी बरोबर. दोन्हींची तू वाहक आहेस."

"मग माझं मूल बहिरं होऊ शकतं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. विचारलं, "तुला काय हवंय?"

"मला माहीत नाही ना," ती म्हणाली. "दोन्ही चालेल. मी फक्त विचारत होते."

मग मी सांगितलं. नवऱ्याकडे नेमका त्यातलाच एखादा दोष असेल तरच शक्यता, आणि तो नुसता वाहक असेल तर चारातली एक, प्रत्येक वेळी नव्याने. तिने पटकन पकडलं. तिच्या आईइतकीच हुशार.

"अजून काही विचारायचंय?" मी म्हटलं.

"नाही. म्हणजे हो." ती अडखळली. "आजी होती तोवर मी तिला धडे म्हणून दाखवायचे. मोठ्याने म्हटल्याशिवाय माझ्या लक्षातच राहत नाही. आता घरात... आम्ही तिघं खूप बोलतो हां, असं काही नाही. आई तर इतके जोक मारते. पण सगळं हातांनी. मी मोठ्याने वाचते तेव्हा कोणी ऐकत नाही. कधीकधी वाटतं यार, माझा आवाज फक्त शाळेतच आहे." मग घाईने, "परवा युनिट टेस्ट आहे. मी तुम्हाला म्हणून दाखवू का? वीस मिनिटं लागतील. तुम्ही बिझी आहात का?"

मी गॅसवरची भाजी उतरवली आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसले.

"नाही," मी म्हटलं. "कर सुरू."

पानं उलटल्याचा आवाज आला. तिने घसा साफ केला आणि धड्याचं नाव वाचलं, पहिला परिच्छेद वाचला, दुसरा. मी मध्ये बोलले नाही. जरा वेळाने तीच थांबली.

"मॅडम? आवाज येतोय ना?"

"येतोय," मी म्हटलं. "वाच पुढे."